सर्वांत मोठा रॉक बँड कोणता? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकातल्या एका उत्तरात, बीटल्स हा रॉक संगीतातला सर्वांत मोठा बँड आहे, असे विधान मी ओघात करून गेलो होतो. त्यावर कोल्हापूर आणि आसपासच्या वाचकांनी इतकी पत्रे पाठवली, की या वेळचे सदर त्याच वादाला देणे भाग पडले. काही पत्रांत राग आहे, दोन पत्रे चक्क भांडायला आली आहेत. पण बहुतेकांनी मन लावून ऐकून लिहिले आहे, हे प्रत्येक ओळीत जाणवते. त्यांतले निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : माझा मुलगा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि आमच्या घरात रात्रीच्या जेवणावर हा वाद हमखास निघतो. मी बीटल्सचा, तो लेड झेपेलिनचा. माझी निवड म्हणजे तरुणपणीच्या कॅसेटींची माया, असे तो म्हणतो. आपण निकाल देऊन टाकलात, पण कोणत्या कसोटीवर, ते सांगितले नाही. अशा वादाला काही कसोटी असते, की ज्याची त्याची आवड म्हणून सोडून द्यायचे?
— एक निवृत्त शिक्षक, राजारामपुरी

उत्तर : आपल्या चिरंजीवांचे म्हणणे अर्धे खरे आहे. सोळाव्या-सतराव्या वर्षी जे कानावर पडते ते जन्मभर साथ करते, आणि या वादात कोण कोणाची बाजू घेणार, हे बऱ्याचदा बोलणाऱ्याचे वय कळले की सांगता येते. पण लेड झेपेलिन १९८० साली थांबला. म्हणजे आपल्या चिरंजीवांच्या जन्माआधी वीसएक वर्षे तरी हा बँड संपलेला होता, आणि तरीही त्यांना तो बापाशी वाद घालण्याइतका आवडतो. आठवणींची माया एवढेच कारण असते, तर हे घडलेच नसते. त्यांनीच आपल्या हाती हा पुरावा दिला आहे, तो जेवताना वापरावा.

कसोटीचे विचाराल, तर मी एकच लावतो. आपल्याला श्रेष्ठ गायक, श्रेष्ठ गिटारवादक किंवा श्रेष्ठ गीतकार शोधायचा नाही, बँड शोधायचा आहे. तेव्हा चार-पाच माणसे एकत्र आल्यामुळे असे काय घडले, की जे त्यांच्यातल्या एकट्यादुकट्याच्या हातून घडले नसते, हे पाहायला हवे. या कसोटीवर जिमी हेंड्रिक्ससारखा अलौकिक वादकसुद्धा स्पर्धेबाहेर राहतो, कारण त्याच्या साथीदारांविषयी पूर्ण आदर बाळगूनही लोक कान देतात ते हेंड्रिक्सला. कोणाला हे अन्यायाचे वाटेल. पण नियम केला, तर तो सर्वांना सारखा लावावा लागतो.

बीटल्सचे 'अ डे इन द लाइफ' हे १९६७ सालचे गाणे या दृष्टीने ऐकावे. ते दोन अपुऱ्या गाण्यांचा जोड आहे. सुरुवातीचा आणि शेवटचा संथ भाग जॉन लेननचा, तर मधला, सकाळच्या घाईगर्दीचा तुकडा पॉल मॅककार्टनीचा. या दोहोंच्या मध्ये काय घालायचे, हे ध्वनिमुद्रण सुरू झाले तेव्हा कोणालाच सुचलेले नव्हते, म्हणून त्यांनी चार-चार मात्रांच्या २४ खंडांची जागा मोकळी सोडली. मॅल इव्हान्स नावाचा त्यांचा सहायक त्या जागेत मोठ्याने आकडे मोजत राहिला, आणि जागा संपल्याची खूण म्हणून त्याने गजराचे घड्याळ वाजवले. पुढे त्या जागेत ४० वादकांचा ताफा आणून बसवण्यात आला. प्रत्येकाने आपल्या वाद्याच्या खालच्या स्वरापासून निघून ठरलेल्या मात्रांत वरच्या टोकाला पोहोचायचे, शेजारी काय करतो तिकडे लक्ष द्यायचे नाही, अशी सूचना निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी त्यांना दिली होती. शिस्तीत वाढलेल्या अभिजात वादकांना ती किती विचित्र वाटली असेल, याची कल्पना करावी. गजर मात्र काढला गेला नाही, कारण मॅककार्टनीचा तुकडा झोपेतून उठण्यापासूनच सुरू होतो आणि घड्याळ तिथे आयतेच शोभून गेले. शिवाय लेननची ओळ संपली, की रिंगो स्टारचे ड्रम तिला जे उत्तर देतात, ते नीट ऐकावे. हे सगळे एका डोक्यातून निघालेले नाही. १९७० साली बीटल्स फुटल्यावर चौघांनीही स्वतंत्रपणे चांगली गाणी केली, काही तर फार चांगली; पण असा जोड त्यांच्यातल्या कोणालाही पुन्हा जमला नाही.

याला त्यांच्या वेगाची जोड द्यावी. त्यांच्या पहिल्या अल्बमातली दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात ध्वनिमुद्रित झाली. सर्दीने घसा बसलेल्या लेननने 'ट्विस्ट अँड शाउट' रात्री सर्वांत शेवटी गायले, कारण त्यानंतर त्याचा आवाज राहणार नाही, हे सर्वांना ठाऊक होते. त्यानंतर जेमतेम तीन वर्षांनी, एप्रिल १९६६ मध्ये, हीच चार माणसे 'टुमॉरो नेव्हर नोज' करत होती. त्या गाण्यात सुरांची हालचाल जवळपास एकाच आधारावर, आपल्या तंबोऱ्याच्या अंगाने चालते. टेपच्या तुकड्यांची टोके जोडून केलेली वेटोळी वेगवेगळ्या यंत्रांवर फिरत होती आणि ती ताणलेली राहावीत म्हणून स्टुडिओतली माणसे पेन्सिली धरून उभी होती. लेननचा आवाज ऑर्गनच्या फिरत्या स्पीकरमधून काढला गेला. ती जोडणी करणारा ध्वनिमुद्रक जेफ एमरिक तेव्हा अवघा २० वर्षांचा होता. ज्यांनी एका दिवसात अल्बम संपवला, तेच तीन वर्षांत स्टुडिओलाच वाद्यासारखे हाताळू लागले, आणि त्यानंतर इतर बँडांचीही काम करण्याची रीत बदलली. इतका पल्ला इतक्या थोड्या काळात गाठलेला दुसरा बँड मला माहीत नाही.

आता चिरंजीवांची बाजू. ती कच्ची नाही. झेपेलिनच्या चौथ्या अल्बमातले 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' हे १९७१ सालचे गाणे लावून फक्त ड्रम ऐकावेत. इंग्लंडमधल्या हॅम्पशायरातल्या हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत हे ध्वनिमुद्रण झाले; पूर्वी तिथे गोरगरिबांना ठेवून काम करून घेत असत. तिथल्या उंच जिन्याच्या तळाशी जॉन बॉनमचे ड्रम मांडले आणि मायक्रोफोन नेहमीप्रमाणे ड्रमच्या तोंडाशी न लावता दोनच, वरच्या मजल्यावरून खाली सोडले. त्यामुळे ठोक्याबरोबर त्या जिन्याची सगळी पोकळी ऐकू येते. ते ड्रम पुढे असंख्य गाण्यांत उचलून वापरले गेले. बॉनम २५ सप्टेंबर १९८० रोजी वारला, तेव्हा उरलेल्या तिघांनी दुसरा ड्रमवादक शोधण्याऐवजी डिसेंबरमध्ये बँड थांबवल्याचे जाहीर केले. माझ्या कसोटीला यापेक्षा चांगला दाखला सापडणार नाही. एका खोलीत चौघांनी एकदम वाजवायचे, एवढीच अट घातली, तर माझे मत निःसंशय झेपेलिनला. पण गाण्यांचा आवाका, नवेपणा आणि इतरांवरचा परिणाम ही खाती उघडली, की पारडे बीटल्सकडे झुकते. झेपेलिनच्या नावावर उसनवारीही बरीच आहे. 'होल लोटा लव्ह' या गाण्यावरून ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीतातले गीतकार विली डिक्सन यांनी १९८५ साली दावा लावला, तो न्यायालयाबाहेर मिटला, आणि पुढे त्यांचे नाव श्रेयात आले.

प्रश्न : आम्ही पत्र्याचे जॉबवर्क करतो. आमच्या शॉपमधला एक मुलगा दिवसभर ब्लॅक सबॅथ लावतो, त्यामुळे मलाही त्याची सवय झाली आहे. त्यांच्या गिटारवाल्याची बोटे प्रेसमध्ये गेली होती, असे तो सांगतो. हे खरे आहे का? आणि 'सर्वांत मोठे' म्हटले, की त्यांचे नाव कोणी का घेत नाही?
— एक लघुउद्योजक, शिवाजी उद्यमनगर

उत्तर : अगदी खरे आहे, आणि आपल्याला ते इतरांपेक्षा चांगले कळेल. टोनी आयोमी हा बर्मिंगहॅमचा मुलगा वयाच्या सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीचा शेवटचा दिवस होता, पुढे बँडबरोबर दौऱ्यावर जायचे ठरले होते. दुपारी जेवायला घरी आल्यावर त्याला परत जायचे नव्हते. हातातले काम पुरे करून ये, म्हणून आईने त्याला परत पाठवले. त्या दिवशी गैरहजर असलेल्या कामगाराच्या जागी त्याला प्रेसवर उभे केले होते, आणि प्रेस हातावर आला. आयोमी डावखुरा, त्यामुळे तारा दाबायचे काम उजव्या हाताकडे, आणि नेमकी त्याच हाताच्या मधल्या दोन बोटांची अग्रे गेली.

गिटार सोडावी लागेल, असे सर्वांनी सांगितले. कारखान्याच्या फोरमनने मात्र त्याला जँगो राइनहार्टची तबकडी आणून ऐकवली. राइनहार्टचा डावा हात आगीत भाजला होता आणि दोनच बोटांनी तो गिटारीवर अशक्य वाटावे असे वाजवी. मग आयोमीने भांडी घासायच्या द्रवाची प्लास्टिकची बाटली वितळवून तिच्या टोप्या केल्या, तापलेल्या सोल्डरिंगच्या सळईने त्यांना बोट बसेल असे भोक पाडले, घासून आकार दिला आणि पकड यावी म्हणून वर चामडे चिकटवले. उद्यमनगरात हे काम कोणीही एका दुपारी करून देईल. त्याला मात्र ते स्वतःच शोधून काढावे लागले. तरी जाड तारा दाबताना बोटे दुखत, म्हणून त्याने हलक्या तारा बसवल्या, आणि १९७१ च्या तिसऱ्या अल्बमात गिटारीची पट्टीच दीड स्वराने खाली उतरवली. तारा सैल झाल्या, दाबायला सोप्या झाल्या, आणि त्याबरोबर आवाज खोल, जड, घुमणारा झाला. आज ज्याला हेवी मेटल म्हणतात त्या साऱ्या संगीताचा हा नाद. जगभरचे धडधाकट बोटांचे वादक गेली पन्नासेक वर्षे मुद्दाम पट्टी उतरवून तो काढत आहेत.

आता नाव का घेतले जात नाही, याविषयी. त्यांचा पहिला अल्बम जवळजवळ एका दिवसात ध्वनिमुद्रित झाला आणि १३ फेब्रुवारी १९७० रोजी, शुक्रवारी, बाजारात आला. समीक्षकांनी त्याला झोडपले. चर्चा करणारी मंडळी वर्तमानपत्रांत आणि मासिकांत बसलेली होती, ऐकणारी पोरे कारखान्यांत होती. आता चित्र बदलले आहे. ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर मूळच्या चौघांनी शेवटचे एकत्र वाजवले, तेव्हा हेवी मेटलमधले कितीतरी नावाजलेले बँड त्यांना मान द्यायला त्याच मंचावर आले होते. गायक ऑझी ऑस्बर्न त्यानंतर थोड्याच दिवसांत, २२ जुलैला वारला. एक अख्खा प्रकार आपल्या नावावर असलेले बँड फार थोडे आहेत. माझ्या यादीत ब्लॅक सबॅथ तिसरा आहे, आणि हे लिहिल्यावर पुढच्या महिन्यात पिंक फ्लॉइडवाल्यांची पत्रे येणार, हे मी धरून चाललो आहे.

प्रश्न : इतका काथ्याकूट कशाला? ज्याचा खप जास्त तो मोठा, असा सरळ हिशोब का करू नये?
— एक व्यापारी, लक्ष्मीपुरी

उत्तर : करून पाहू. अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने २०१८ साली ईगल्स या बँडच्या १९७६ च्या निवडक गाण्यांच्या संग्रहाला ३८ वेळा प्लॅटिनम ठरवले, म्हणजे ३ कोटी ८० लाख प्रतींचा हिशोब, आणि तो त्या देशातल्या इतर प्रत्येक अल्बमाच्या पुढे गेला. ईगल्स गोड गाणारे, कसबी बँड होते. तरीही तेच सर्वांत मोठे, असे मला लिहिणारा वाचक अजून भेटायचा आहे. आपणही तसे लिहिलेले नाही.

प्रश्न : मी तबल्याची विद्यार्थिनी आहे. रॉक ऐकताना मला ताल फारच सरळ वाटतो. चार मात्रा, त्याच त्या. लयीच्या बाबतीत हे संगीत आपल्या मानाने गरीब आहे, हे आपण मान्य कराल का?
— एक विद्यार्थिनी, शाहूपुरी

उत्तर : निम्मे मान्य करतो. आवर्तन, तिहाई, समेवर येण्याची ओढ, असे काही रॉकमध्ये शोधू नये. ते त्यांचे गणितच नाही. पण चारच मात्रा म्हणाल, तर पिंक फ्लॉइडचे 'मनी' हे १९७३ सालचे गाणे लावून बोटांवर मोजावे. सात मात्रा मिळतील, आपल्या रूपकाइतक्या. गाण्याच्या सुरुवातीला नाणी पडण्याचे, कागद फाटण्याचे, दुकानातल्या गल्ल्याचे आवाज येतात ना, तो ठेका टेपचा आहे. एकेक आवाज टेपवर घेऊन, पट्टीने मोजून सारख्या लांबीचे तुकडे कापले आणि त्यांचे वेटोळे जोडले. लांबी सारखी, म्हणून मात्रा सारखी. लय इंचांत मोजून घडवण्याचा हा प्रकार आपल्या गुरुजींना अवश्य सांगावा. सॅक्सोफोनचा तुकडा सातातच वाजतो. गिटारीची पाळी आली, की मात्र सगळे चार मात्रांवर उतरतात, कारण डेव्हिड गिल्मरला तिथे मोकळेपणाने वाजवायचे होते. आपल्या कानाला हा बदल लगेच कळेल.

झेपेलिनचे 'काश्मीर' हे १९७५ चे गाणे याहून मौजेचे आहे. बॉनमचे ड्रम सरळ चार मात्रांत चालतात आणि त्यावर गिटारीचा तुकडा तीन मात्रांचा आहे. दोघे सुटतात आणि बारा मात्रांनी पुन्हा एकत्र पडतात. शास्त्रीय संगीताच्या विद्यार्थ्याला हे नवे नाही. पण लाखभर माणसांच्या मैदानात, विजेच्या वाद्यांवर, ऐकणाऱ्याला काही कळू न देता हे करणे सोपे नाही. बॉनमचे खरे वैशिष्ट्य गणितात नसून ठोक्याच्या जागेत आहे. तो किंचित मागे रेलून वाजवतो, त्यामुळे घाई कुठेच जाणवत नाही.

आपल्या आवडीची आणखी एक गोष्ट. बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर' या १९६६ च्या अल्बमात 'लव्ह यू टू' या गाण्यात तबला आहे, आणि तो अनिल भागवत यांनी वाजवला आहे. बाहेरच्या वादकांची नावे बीटल्सच्या वेष्टनावर क्वचितच छापली जात. भागवतांचे छापले गेले.

प्रश्न : रोलिंग स्टोन्स २००३ च्या एप्रिलमध्ये मुंबईत आले होते, तेव्हा आम्ही चार मित्र महालक्ष्मी एक्स्प्रेसने गेलो होतो. साठ वर्षे मंचावर उभा राहणारा बँड मोठा, की आठ-दहा वर्षांत भांडून फुटणारा?
— एक डॉक्टर, ताराबाई पार्क

उत्तर : टिकणे हा गुण आहे, याबद्दल वाद नाही. १९६२ साली लंडनमध्ये उभा राहिलेला बँड २०२३ साली नवा, ऐकण्याजोगा अल्बम काढतो, हे दुसरे कोणी केलेले नाही. त्यांचा गिटारवादक कीथ रिचर्ड्स याने सहापैकी एक तार काढून टाकून, पाच तारा खुल्या जुळवून जे वाजवले, त्यावर त्यांची कितीतरी गाणी उभी आहेत. पण आपण त्यांचे चांगले अल्बम मोजायला बसाल, तर १९६८ ते १९७२ या काळातलेच बहुतेक हाती येतील. पुढची पन्नास वर्षे त्या पाच वर्षांच्या व्याजावर गेली. ऑगस्ट २०२१ मध्ये ड्रमवादक चार्ली वॉट्स गेले आणि दौरा पुढच्याच महिन्यात दुसऱ्या वादकाला घेऊन सुरू झाला. धंदा म्हणून ते बरोबरच होते. मी मात्र तेव्हापासून त्यांना त्याच नावाचा वेगळा बँड समजतो. आपण त्यांना वॉट्ससह पाहिलेत, हे आपले भाग्य.

प्रश्न : फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला, असे ऐकतो. मग क्वीनला आपला बँड म्हणून पहिला नंबर द्यायला काय हरकत आहे?
— एक वाचक, कागल

उत्तर : शिकला, हे खरे. झांझिबारला पारशी घरात जन्मलेला फारुख बलसारा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत होता. पियानोही तिथेच शिकला, आणि 'द हेक्टिक्स' हा त्याचा पहिला बँड त्याच शाळेतला. म्हणजे आपल्या जवळच्या जिल्ह्याचा अभिमान रास्त आहे. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर क्वीनने २१ मिनिटांत जे केले, ते रॉकच्या इतिहासात मंचावर झालेले सर्वोत्तम सादरीकरण म्हणून गणले जाते, आणि मलाही तसेच वाटते. दिवसाउजेडी, मोठ्या रोषणाईचा आधार नसताना एका माणसाने सबंध मैदान हाताच्या इशाऱ्यावर चालवले. पण या उत्तरात 'एका माणसाने' हे शब्द लिहावे लागले, तिथेच माझ्या कसोटीवर क्वीन मागे पडतो. ब्रायन मे यांनी वडिलांबरोबर जुन्या चुलाण्याच्या लाकडातून घडवलेली गिटार अफाट आहे, चौघेही गीतकार होते, हे सर्व खरे धरूनही. पाचगणीसाठी निकाल फिरवता येत नाही.

प्रश्न : रॉक संगीत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी घडवले. मग श्रेष्ठत्वाच्या चर्चेत इंग्लंडमधल्या गोऱ्या मुलांचेच बँड का? ही चर्चाच चुकीच्या जागी सुरू होते, असे वाटत नाही का?
— एक संशोधक विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ परिसर

उत्तर : या महिन्यातला सर्वांत मार्मिक आक्षेप हा आहे. सिस्टर रोझेटा थार्प विजेच्या गिटारीवर देवाची गाणी गात होती, तेव्हा बीटल्समधली मुले पाळण्यात होती. चक बेरी, लिटल रिचर्ड आणि बो डिडली यांनी १९५० च्या दशकात या संगीताचा पाया घातला. स्टोन्सने तर आपले नावच मडी वॉटर्सच्या गाण्यावरून घेतले, आणि वर ज्या 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'ची मी इतकी स्तुती केली, ते मूळचे कॅन्सस जो मॅकॉय आणि मेम्फिस मिनी यांचे १९२९ चे गाणे आहे.

मग यादीत त्यांची नावे का नाहीत? एक कारण या वादाच्या शब्दांतच दडले आहे. आपण 'बँड' विचारतो, आणि वरील सर्व कलावंत एकेकट्याच्या नावाने गात. साथीदार शहरागणिक बदलत. चक बेरी अनेक वर्षे गिटार घेऊन एकटाच गावी उतरे आणि तिथल्या स्थानिक वादकांना घेऊन वाजवी. तेव्हा बँड हे एकक धरले, की झाड सोडून फांद्यांची मोजणी होते, हा आपला मुद्दा मला मान्य करावा लागतो. माझी कसोटी या बाबतीत अपुरी आहे. ती बँडांमध्येच निवड करते, रॉकमधला सर्वांत मोठा कलावंत कोण, याचे उत्तर तिच्याकडे नाही. ते विचारलेत, तर मी चक बेरी म्हणेन.

आपण कोल्हापूरचे, म्हणून एक गोष्ट सांगण्याचा मोह होतो. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यात रॉक अँड रोलचे एकच गाणे आहे आणि ते चक बेरीचे 'जॉनी बी. गुड'. भारताच्या वाट्याला आलेली एकमेव रचना म्हणजे केसरबाई केरकर यांनी गायलेली भैरवी. केसरबाई ज्यांच्या शिष्या, ते अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी कोल्हापूर दरबारचे गवई होते. तबकडी निवडणाऱ्यांनी बेरी आणि केसरबाई यांच्यात क्रमांक लावला नाही. इथल्या मैफलींच्या कट्ट्यावर मात्र जयपूर मोठे, की किराणा, हा वाद अजून तितक्याच आवेशाने चालतो, आणि रॉकवाल्यांच्या वादाचा स्वभाव त्याहून फार वेगळा नाही: घराणे निवडले, की कान त्याच अंगाने ऐकू लागतात. जयपूर घराण्याची गायकी शिकलेल्याला पेचदार तानेत आनंद मिळतो, किराण्याचा माणूस एका स्वरावर थांबून राहतो. तसे झेपेलिनवाल्याला वजन हवे असते आणि बीटल्सवाल्याला रचना.

प्रश्न : आपले सदर वाचून बीटल्सचा 'रबर सोल' हा अल्बम मोबाइलवर लावला. माझा एका बाजूचा इअरफोन बिघडला आहे. चालू असलेल्या बाजूने नुसता गाण्याचा आवाज येतो, वाद्ये जवळपास गायब. हा अल्बमाचा दोष, की इअरफोनचा?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, गंगावेश

उत्तर : इअरफोन तर बिघडलेला आहेच; पण आपण जे ऐकत आहात, ते तसेच मुद्रित झालेले आहे. १९६५ साली बहुतेक घरांत एकच स्पीकर असे, त्यामुळे बीटल्स आणि जॉर्ज मार्टिन यांचे खरे लक्ष मोनो, म्हणजे सगळे आवाज एकत्र आणणाऱ्या, मिश्रणावर होते. स्टिरिओची, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंत आवाज वाटणारी, आवृत्ती उरकून टाकली जाई, आणि 'रबर सोल'मध्ये गायन बरेचसे उजवीकडे, वाद्ये डावीकडे अशी सरळ फाळणी आहे. बीटल्सच्याच 'सार्जंट पेपर' या अल्बमाचे स्टिरिओ मिश्रण तर १९६७ साली चौघांपैकी कोणीही हजर नसताना झाले. २०१७ साली त्या अल्बमाचे आणि २०२२ साली 'रिव्हॉल्व्हर'चे मार्टिन यांचे चिरंजीव जाइल्स यांनी नवे मिश्रण केले. त्यात आवाज मध्यभागी आणले आहेत, तेव्हा सुरुवात त्यांपासून केली तरी चालेल. २००९ साली मूळ मोनो मिश्रणांचा संचही निघाला आहे, आणि माझी शिफारस त्याचीच राहील.

नवा इअरफोन येईपर्यंत मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन ऐकण्याच्या सोयींखाली 'मोनो ऑडिओ' हा पर्याय चालू करावा. दोन्ही बाजू एकत्र होऊन चालू कानात येतील. मग 'रबर सोल'मधले 'नॉर्वेजियन वुड' पुन्हा लावावे. जॉर्ज हॅरिसनची सतार त्यात आहे.